चिंगीच्या हिरड्या

मांजर पाळलं की घरभर केस सापडतात. उशीवर, वरणात, नवऱ्याच्या प्लांटच्या शर्टावर. किस्सेही तसेच, झाडावेत तेवढे आणखी निघतात.

* * *

आमच्या चिंगीनं खाणं सोडलं आणि अंगणातली माती चाटायला लागली. मी घाबरले, सासूबाई खूश. म्हणाल्या, "डोहाळे लागून राहिले तिले." कौतुकानं दुधात साखर घालून ठेवायच्या. तरी चिंगी वाळतच चालली, म्हणून आम्ही सगळे तिला घेऊन सुपेल्याच्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं शेपटी उचलून पाहिली आणि सासूबाईंना म्हणाला,

"अम्मा, ये तो बिल्ला है."

नाव मात्र चिंगीच राहिलं.

* * *

मग डॉक्टरनं चिंगीचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. अंगात रक्तच उरलं नाही म्हणाला. पिसवा चावून रक्तात जंतू गेले असतील. वाचेल का विचारलं, तर म्हणाला आधी बघू तर द्या.

कानाला सुई टोचून थेंब काचेवर घेतला. मायक्रोस्कोप मी शाळेत कपाटातच पाहिलेला, म्हणून मी पण डोळा लावला. हा एवढा काळा किडा वळवळत होता! मी किंचाळलेच.

डॉक्टर शांतपणे म्हणाला, "भाभी, वो आपकी पलक का बाल है."

खरे जंतू म्हणजे लाल पेशींवरचे बारीक ठिपके. तेही सापडलेच.

* * *

हे माझ्या लेकीला, ओवीला तर नाही ना होणार? मी इतक्यांदा विचारलं की डॉक्टरनं नवऱ्याला सांगितलं, आधी यांना पाणी पाजा.

तरी जीव राहीना. रोज सकाळी घरात हिरड्या तपासणी सुरू. टॉर्च ओवीच्या हातात. नवरा नाइट शिफ्टवरून आला की ओठ वर करून दारातच उभा. सासूबाई तेवढ्या तोंडाला पदर लावून बसायच्या.

"माह्यं रक्त चांगलं हाय. मी काय मांजर हाय का?"

पण चिंगीला मांडीवर दाबून गोळी त्याच चारायच्या.

* * *

गोळ्या संपल्यावर परत नेलं. सुई, काच, सगळं झालं. डॉक्टरनं ओठ वर केला, तर हिरड्या गुलाबी.

"बच गया."

सासूबाई इतक्या मोकळ्या हसल्या की पदर घसरला. ओवीनं लगेच टॉर्च मारला.

"अंकल, आजी के तो काले हैं. उसको भी गोली दो ना."

दुसऱ्या दिवशी चिंगी अंगणात एका रिकाम्या डबीशी खेळत होता. बायका चोरून दातांना तंबाखूची गुडाखू घासतात, त्या गुडाखूची डबी. सासूबाईंनी लांबूनच पाहिलं.

"शेजारणीची असन."