दोन मिनिटांची खुर्ची

पैलवानांचे पुढचे दात खोटे होते, आणि कुठलंही गंभीर काम सुरू करण्याआधी ते दात काढून शर्टाच्या खिशात ठेवत. टोकियोतल्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की त्याला हे आधी सांगून ठेवावं लागे. नाहीतर तो बिचारा पहिल्याच दिवशी कपाट हलवायला मदत मागायचा, आणि समोरचे जाडजूड, अदबशीर गृहस्थ शांतपणे तोंडात हात घालायचे. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी बराच वेळ कपाटाकडेच बघत राहिले.

त्यांचं आडनाव मोरिता. ऑफिसात आम्ही मोरिता-सान म्हणत असू. पण ते आइस हॉकीचे व्यावसायिक खेळाडू होते हे डोंबिवलीला फोनवर आईला कितीदा सांगितलं तरी तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी मी म्हटलं, "अगं, बर्फावर धक्काबुक्की करायचे." "म्हणजे पैलवान," आई म्हणाली आणि पुढच्या विषयाकडे वळली. तेव्हापासून आमच्या घरात ते पैलवानच झाले.

ते होक्काइदोतल्या एका कागद कारखान्याच्या संघातून खेळत. तिकडची रीत अशी, की कंपनी खेळण्याचा पगार देते आणि गुडघे गेले की टेबल देते. पुढे कंपनीने संघच बंद केला आणि पैलवानांचं टेबल टोकियोतल्या संगणकाच्या शाखेत आणून ठेवलं. त्या वर्षांत आमच्यासारख्या संगणकवाल्यांची तिथे रीघ लागली होती. आम्हाला घर बघून देणं, बँकेत खातं उघडून देणं, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते शिकवणं ही कामं त्यांच्याकडे आली. "तुम्ही गोल किती केलेत?" असं मी एकदा कौतुकाने विचारलं. ते म्हणाले, "गोल करणं माझं काम नव्हतं. गोल करणाऱ्याला कोणी हात लावला की माझं काम सुरू व्हायचं."

त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा बराच भाग शिक्षेच्या बाकावर गेला. त्या खेळात चूक केली की दोन मिनिटं बाहेर, काचेमागे बसावं लागतं. दोन मिनिटं झाली की दार उघडतं, खेळाडू परत बर्फावर येतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही. पैलवानांनी हा नियम ऑफिसात आणला होता. चूक झाली की ते उठत, कॉरिडॉरमध्ये व्हेंडिंग मशीनशेजारच्या खुर्चीवर दोन मिनिटं ताठ बसत आणि परत येऊन म्हणत, "ओवारी." म्हणजे संपलं. मोठे साहेब येताजाता त्यांना तिथे बसलेलं बघत आणि कोणती चूक झाली ते विचारत नसत.

मी ही खुर्ची पहिल्यांदा पाहिली ती खुर्चीशिवायच. माझ्या स्वागताची पार्टी पैलवानांनी भाजलेल्या मांसाच्या हॉटेलात ठेवली होती. मी शाकाहारी आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी माझ्यासाठी खास मासे सांगितले होते. मी भात आणि काकडीची कोशिंबीर खाते आहे असं पाहिल्यावर ते उठले आणि बाहेर छत्र्यांच्या स्टँडजवळ जाऊन उभे राहिले. आत येऊन म्हणाले, "ओवारी." मी "अहो, असू द्या, असू द्या" सुरू केलं, तर त्यांना ते आवडलं नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला परत माफी कसली, असा त्यांचा चेहरा होता.

घर मिळवताना मात्र मला त्यांचा खरा खेळ दिसला. हिगाशी-कसाईतल्या घरमालकीणबाई परदेशी लोकांना, त्यातून फोडणी करणाऱ्यांना, घर द्यायला तयार नव्हत्या. पैलवानांनी दात काढून खिशात ठेवले. मी एक पाऊल मागे सरकले. मग ते कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. आधी त्यांच्यापेक्षा बाईच अवघडल्या. "यांना जामीन कोण राहणार? कंपनी?" त्यांनी विचारलं. "मी," पैलवान वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले आणि त्यांनी तिकडे सहीऐवजी मारतात तो स्वतःचा शिक्का काढला. परक्या देशात आपल्यासाठी कोणी इतकं वाकावं याची मला सवय नव्हती. मला रडू आलं, आणि मुलगी सई सगळ्यांसमोर "आई रडतेय" असं जाहीर करती झाली.

माझा नवरा शिरीष मुंबईची नोकरी सोडून माझ्याबरोबर आला होता आणि घर सांभाळत होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याने लाल मिरचीची अशी फोडणी दिली की धुराची घंटा वाजली. मालकीणबाईंनी पैलवानांना फोन केला. ते आले, बाईंपुढे वाकले आणि आमच्या जिन्यात जाऊन बसले. फोडणी शिरीषची आणि जिन्यात पैलवान, हे शिरीषला फार लागलं. "तुम्ही का बसता?" त्याने विचारलं. पैलवान म्हणाले, "गोलकीपरची चूक झाली तर दुसरा खेळाडू जाऊन बसतो. गोलकीपरने घर सोडायचं नसतं. नियमच आहे." तोवर शिरीषला कोणी 'घरी बसलाय' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून तो जरा सरळ चालायला लागला.

खुर्ची आमच्याकडेही आली. आमच्या दोन्ही घराण्यांत भांडण मुरवायची पद्धत. अबोला धरायचा, तो सणावारापर्यंत न्यायचा आणि मग पाहुण्यांसमोर पुरणपोळी वाढताना काढायचा. आम्ही बाल्कनीत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ज्याचं चुकलं त्याने दोन मिनिटं बाहेर. कोणाचं चुकलं यावर वेगळं भांडण व्हायचं, पण बाल्कनीत थंडीच इतकी असे की कोणी लांबण लावत नसे. सई तोवर जपानी शाळेत जाऊन आमच्याशीही जपानीच बोलायला लागली होती. ती आतून दार उघडून म्हणायची, "ओवारी."

एका हिवाळ्यात पैलवान आम्हा भारतीय कुटुंबांना स्केटिंगला घेऊन गेले. आम्ही सगळे कठड्याला धरून एका रांगेत उभे होतो आणि रांग पुढे सरकत नव्हती. बर्फावर चालता येणारा एकमेव माणूस मात्र साध्या बुटांत बाहेर उभा राहून आमच्या पिशव्या सांभाळत होता. "तुम्ही का येत नाही?" सईने त्यांना विचारलं. ते काय म्हणाले ते तिनेच आम्हाला नंतर मोडक्या मराठीत सांगितलं. त्यांनी एका खेळाडूला कठड्यावर जोरात आदळलं होतं. तो मनुष्य पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही. पैलवान शिक्षेच्या बाकावर बसले, वेळ संपली, दार उघडलं, पण ते बर्फावर गेले नाहीत. त्यानंतर कधीच गेले नाहीत.

"पण बसून आलात ना? मग ओवारी," सई त्यांना म्हणाली होती.

"काही चुकांचं ओवारी आपण म्हणायचं नसतं, सई-चान. ते त्याने म्हणायचं असतं."

त्या माणसाने ते म्हटलं नव्हतं. जपानात वर्ष सरताना, ज्यांचे आपल्यावर उपकार आहेत त्यांना भेट पाठवायची पद्धत आहे. पैलवान दर डिसेंबरला ऑफिसच्या पत्त्यावरून त्या माणसाला सफरचंदांची पेटी पाठवत. पेटी परत येत नसे आणि उत्तरही येत नसे. "ज्याला आपण पाडलं त्याचे कसले उपकार?" शिरीषने एकदा न राहवून विचारलं. पैलवान म्हणाले, "पेटी परत पाठवत नाही. तेवढे आहेत." हे सांगताना त्यांचा चेहरा फोटोकॉपीच्या मशीनबद्दल बोलताना असतो तसाच होता. मी मात्र त्या दिवसापासून दर डिसेंबरला ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक खोक्याकडे उगीचच पाहू लागले.

आमचं परतायचं ठरलं तेही डिसेंबरातच. शेवटच्या दिवशी मी चिवडा घेऊन शिरीष आणि सईसह ऑफिसात सगळ्यांचा निरोप घ्यायला गेले. पैलवान आपल्या टेबलाशी उभे होते आणि टेबलावर एक मातीने माखलेलं खोकं उघडं होतं. आत बटाटे होते. नुसते बटाटे, होक्काइदोचे, चांगले मुठीएवढे.

"त्याने पाठवले?" सईने विचारलं.

पैलवानांनी होकारार्थी मान हलवली.

"काय म्हणाला?"

"काही नाही. बटाटे पाठवले."

सईने थोडा विचार केला. "मग हे ओवारीच झालं ना?"

पैलवान वळले आणि कॉरिडॉरमध्ये गेले. दोन मिनिटं झाली, मग आणखी बरीच झाली. ऑफिसात कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. आम्हाला घरी जाऊन उरलेलं सामान बांधायचं होतं, म्हणून शेवटी मीच बाहेर गेले. ते खुर्चीवर नेहमीसारखे ताठ बसले होते. दात खिशात होते. मी म्हटलं, "मोरिता-सान, आम्ही निघतो."

ते उभे राहिले. "मीही निघणार," ते म्हणाले. दात नसल्यामुळे मला दोनदा विचारावं लागलं. "रजा टाकतोय. होक्काइदोला जाऊन येतो." मग त्यांनी आमच्यासाठी पिशवीत बटाटे भरून दिले. मी नको म्हणत राहिले, ते भरत राहिले. त्या संध्याकाळी, सामान बांधून झालेल्या घरात, शेजारणीच्या कढईत आम्ही त्यांची भाजी केली. शिरीषने फोडणी जपून दिली.

डोंबिवलीला आल्यावर पुढच्या वर्षी त्यांची एक मेल आली. मजकूर नव्हता, फक्त फोटो होता. सगळीकडे गोठलेलं तळं. तळ्यावर एक चाकांची खुर्ची, खुर्चीत गुडघ्यांवर ब्लँकेट घेतलेला एक म्हातारा गृहस्थ. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, पुढे बघतोय, आणि ब्लँकेटचं टोक वाऱ्यावर मागे उडालंय, म्हणजे खुर्ची चांगली वेगात असणार. मागे पैलवान, खुर्चीच्या दांड्या धरून वाकलेले, पायांत स्केट्स. आईला दाखवला तर ती चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली. "हे तुझे पैलवान? अगं, यांना पुढचे दात नाहीत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "खिशात असतील. कामावर आहेत ते."