झाकलेली बोळकी

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी आमच्या अमरावतीच्या घरात माणसांना बसायला जागा उरली नव्हती. ओसरीत कापूस, माजघरात कापूस. देवघरात तेवढा शिरला नव्हता, तेही देवाच्या नव्हे, सासूबाईंच्या धाकानं. सातासमुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्या कृपेनं आमच्याकडे गुळाच्या जागी साखर आली होती. कापसाचे तंतू मात्र दुधात, ताकात, डोळ्यांत, सगळीकडे उडायचे. घास घेण्याआधी ओठावरचा तंतू काढायची आम्हा सगळ्यांना सवयच लागली होती.

अशा घरात माझी धाकटी नणंद पहिल्या खेपेला माहेरी आली. अकोल्याहून आलेल्या बैलांच्या दमणीतून ती उतरली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. पाचवा महिना लागला तरी पोटात काही ठरत नव्हतं. भरलं ताट नुसतं दिसलं तरी उलटी. सासूबाई तांब्याचं तस्त घेऊन तिच्या मागं मागं फिरायच्या. सुईणीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "पोरीच्या पोटात अन्न थांबलं नाही तं दोघायचंबी कठीण हाय." मला फार भीती वाटली. अचलपूरहून नवी नवरी होऊन आले, तेव्हा सासूबाईंच्या तोंडाच्या पट्ट्यातून मला या पोरीनंच वाचवलं होतं.

डोहाळजेवण ठरलं. मी तिला विचारलं, "काय खावंसं वाटते वं तुले?"

"आंबट," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "नाई, गोड. पन ताट नोको दाखवू मले, वैनी."

ताटच नको ना? मग बोळक्यात देते! आणि आंबट की गोड हा घोळही नको, दोन्ही एकावर एक. संक्रांतीची लहान लहान बोळकी उरली होती, ती धुऊन कोरडी केली. तळाला तुपात परतलेला पेढ्याचा चुरा. त्यावर वेलची घातलेला, मुद्दाम थोडा आंबट ठेवलेला चक्का. त्यावर साखरआंबा. सगळ्यात वर दोऱ्यानं कापलेली बर्फीची पातळ चकती आणि चारोळी. चक्का सैल झाला की साखरआंबा तळाशी बुडी मारायचा आणि मी स्वतःलाच शिव्या द्यायची. शेवटी चक्क्याचं फडकं दगडाखाली दाबून ठेवलं, तेव्हा कुठे थर थरासारखे बसले.

सासूबाई बघून गेल्या. "लोक काय मनतीन? घरात कापूस मावेना अन् पाहुण्यायले लेकरायच्या बोळक्यात वाढून राह्यले. मोठं घर, पोकळ वासा!"

मी मनातल्या मनात दोन-तीन उत्तरं देऊन घेतली. मातीच्या बोळक्यात थर कुणाला दिसणार, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण आता उशीर झाला होता. वर तंतू पडू नयेत म्हणून प्रत्येक बोळक्यावर पळसाचं पान झाकलं आणि परात भरून, कापूस भिंतीशी रचून मोकळ्या केलेल्या ओसरीवर नेली.

डोहाळजेवणात खेळाच्या वाट्यांशिवाय झाकलेलं दुसरं काही डोहाळतुलीपुढे ठेवायचं नसतं, हे मी साफ विसरले. झाकल्या वाट्यांतली एक तिनं उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी! सासूबाईंनी त्या वाट्या आत तयार ठेवल्या होत्या. पण बायकांनी माझी परात बघितली आणि गलका केला, "उचल वं, उचल!" नणंदेनं हसत एक बोळकं उचललं, पान काढलं.

"बर्फी! पोरगी!"

तिनं बोट आत घातलं, चाटलं, पुन्हा घातलं. तळापर्यंत पोचली तशी शेजारची म्हातारी ओरडली, "अवं, खाली पेढा हाय! जुळे होतेत!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. वरचं खरं की तळाचं, यावर बायका तावातावानं भांडू लागल्या. सासूबाईंचा पारा चढला. "काऊन वं? माह्या लेकीच्या नशिबासंगं खेळ करून राह्यली काय?" मी रडकुंडीला आले.

"आई," नणंद म्हणाली, "आदी मले अजून एक दे. मंग भांडा."

सासूबाईंनी सवयीनं तस्त पुढं केलं. नणंदेनं ते बाजूला सारलं आणि दुसरं बोळकं घेतलं. मग तिसरं. सासूबाई तस्त मांडीवर घेऊन बसून राहिल्या, बायका ओट्या घेऊन घरी गेल्या, दिवे लागले, तरी त्या तिच्याजवळून उठल्या नाहीत. मलाही उठवेना.

पुढे तिला मुलगी झाली, एकच, आणि आवाज दोघींचा. पण माझ्यासाठी त्या गोष्टीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळीच लागला होता. मी गोठ्यात गेले, तर सासूबाईंनी त्या तस्तात गाईसाठी सरकी भिजत घातली होती.