लॅटिनमधला पीळ

माझे वडील जामखेडकडच्या एका खेड्यात मास्तर होते. पाद्री व्हायचं म्हणून तरुणपणी ते ग्रीक आणि लॅटिन शिकले होते. इंग्रजी शब्दांची मुळं मला सांगताना ते खुलत. सायकल म्हणजे ग्रीकांचं चाक, डिप्लोमा म्हणजे घडी घातलेला कागद.

महायुद्धाच्या दिवसांत त्यांच्या पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. पेट्रोलअभावी प्रवाशांची मोटार बंद होती. बैलगाडीने नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोट टम्म फुगलं होतं.

डॉक्टर तपासून म्हणाले, "केस कॉम्प्लिकेटेड आहे. व्हॉल्व्ह्युलस."

मला काहीच कळेना. मी वडिलांकडे पाहिलं.

"दोन्ही शब्द लॅटिन," ते धापा टाकत म्हणाले. "पहिल्यात घडीत घडी अडकलीय. दुसरा गुंडाळण्यावरून आलाय. माझ्या आतड्याला पीळ पडलाय, बाळ."

"मग सोडवा ना तो पीळ!" मी डॉक्टरांवर ओरडले.

"उशीर झालाय, पण प्रयत्न करतो."

वडिलांना आत नेताना त्यांनी घट्ट धरलेला माझा हात नर्सने सोडवला.

संध्याकाळी डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले. आतडं काळं पडलं होतं, वडील टेबलावरच गेले होते. गावी आईला काय सांगायचं, तेच मला सुचेना.