जुन्या ताऱ्यांचा पंचनामा

ताऱ्यांच्या नोंदींसाठी आणलेल्या वहीत तारे पाच-सहा पानांतच संपले. बाकीची वही किश्शांनी भरली!

मी कलकत्त्याहून खगोल शिकून मानवतला परतलो, तेव्हा निजामी अमल होता. जवळ एक छोटी दुर्बीण आणि मनात एकच ध्यास: आकाशातले सगळ्यात जुने तारकागुच्छ! एकेका गुच्छात लाखो तारे. त्यांचं वय किती, ते कशाचे बनलेत, आले कुठून, हे आपल्या माणसांना कळलंच पाहिजे, असा माझा हट्ट. अडचण एवढीच, की दुर्बीण बाळगायला तहसिलीची इजाजत लागे. नाही मिळाली, तर दुर्बीण जप्त!

तोवर ती मांडली होती कापसाचे व्यापारी शिवलिंगअप्पा यांच्या घराच्या मातीच्या गच्चीवर, माळवदावर.

पहिल्याच संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "वय कसं कळतंय हो? दात बघितले का?"

"निळे तारे लवकर संपतात, अप्पा. लालच उरले, की समजायचं गुच्छ म्हातारा."

"म्हंजे दातच की! किती पडले अन् किती उरले!"

*

अप्पांच्या घरच्या गंगाकाकूंना मी सांगितलं, "या ताऱ्यांत लोखंड लय कमी. ते जन्मले तेव्हा विश्वात लोखंडच फारसं नव्हतं."

काकू हळहळल्या. "अगं बाई! म्हंजे बाळंतिणीच्या उशाला ठेवायला इळा सुदिक न्हवता? अन् तरी इतके जगले!"

*

वालूरहून अप्पांचे व्याही, लेकीचे सासरे, आले. त्या गुच्छांचा उजेड इथं पोचायला हजारो वर्षं लागतात, हे ऐकून म्हणाले, "म्हंजे तिकडं आज काय चाललंय, ते ठावंच न्हाई?"

"नाही."

"आमच्या सुनेच्या माहेरची खुशाली बी अशीच येती!"

अप्पा एकदम दुर्बिणीत डोकावू लागले.

*

शेवटी इजाजतीचा अर्ज केला. कचेरीची भाषा उर्दू. मला ती लिहिता येईना. मी मराठीत सांगितलं, अर्जनवीस करीमचाचांनी झोकदार उर्दूत उतरवलं. त्या दिवसांत रुळांकडेच्या तारायंत्राच्या लोखंडी तारा कुणीतरी रोज कापत होतं.

तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, दोन शिपाई घेऊन दारात! अर्ज मोठ्यानं वाचू लागले, "पुराने तारों के गुच्छे... लोहा कितना... कहां से आए..."

मला वाटलं, सरकारला खगोलाची गोडी लागली!

"गुच्छे कहां छुपाए?"

"छुपाए नहीं, साहब. सबके सामने हैं. ऊपर!"

शिपाई धडाधड माळवदावर चढले. वर अप्पा सरकी वाळवत बसलेले.

"कितने हैं?" अमीनसाहेबांनी खालून विचारलं.

"लाखों!" मी अभिमानानं म्हणालो.

"लाखों! ये काम अकेले का नहीं. किसने जमा किए?"

अप्पांनी वरूनच हात जोडले. "ईश्वरानं, साहेब. दुसरं कोन करनार?"

दुर्बीण जप्त झाली. पंधरवड्यानं ती इजाजतीसह परत मिळाली, पण पंचनामा काही कुणी बदलला नाही. अमीनसाहेबांनी तो तिथंच, ओट्यावर बसून शिपायाला सांगितला होता:

"लिखो. मुलजिम दूसरा, ईश्वर. साकिन मानवत. फरार."