सासरच्या नावाची फाईल

घरकुलाच्या यादीत आत्याचं नाव घालायचं होतं. ग्रामसेवकांनी बाकीचे कागद पाहून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "बाईचं लग्न झालं होतं नं? मंग फारकतीचा कोर्टाचा कागद लागते. तोंडी चालत नाई."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांनी ती बाळापूरकडच्या सासरहून आमच्या गावी, तिवसा तालुक्यात, परत आली ती कायमची. तेव्हापासून घराच्या मागच्या पडवीत राहते. माझ्या दादाने पस्तिशी गाठल्यावर त्याचं लग्न ठरलं आणि पडवी पाडून तिथे खोली काढायचं ठरलं. आत्याला कोणी जा म्हटलं नाही. पण तिनेच एकदा भाकरी थापताना मला सांगितलं, "मले माह्या नावाचं एक दार पाह्यजे. लहान असलं तरी चालते."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या शाळेच्या, जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसीलच्या रांगेत आत्याच उभी राहिली. मजुरीचा दिवस बुडवून ती यायची, आणि खिडकीतल्या माणसाला "पोरगी हुशार हाय, लवकर द्या" असं न विचारता सांगायची. आज मी अकोल्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. तिचा एक कागद मी काढायचा, हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

कोर्टाचा निकाल लागला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कागद मात्र पेटीतच वाळवीने खाल्ला होता. वकील वारले होते. केसचा नंबर कोणालाच ठाऊक नव्हता. मी आधी मोबाईलवर शोधलं. तिथे अलीकडचे खटले निघत होते, इतका जुना एकही नाही. मग रजा टाकून अमरावतीला जिल्हा न्यायालयात गेले. तिवसा अमरावती जिल्ह्यात, तेव्हा फाईल तिथेच असणार, असं मी धरून चालले होते.

नक्कल विभागातल्या वयस्क बाबूंनी माझा अर्ज पूर्ण वाचला. मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "म्याडम, लग्न कुठं लागलं होतं?"

"वराकडे. बाळापूर तालुक्यात."

"अन् दोघं नांदले कुठं?"

"तिथंच."

"मंग इथं काहून शोधून राहिल्या? त्या वक्ती बाईले माहेरच्या कोर्टात असा दावा टाकता येत नव्हता. लग्न तिकडं, नांदणं तिकडं. दावा अकोल्यालेच असन."

मी अकोल्याहूनच आले आहे, असं सांगितल्यावर ते हसले. "मंग काय, घरी जा. फाईल तुमच्या शेजारी हाय."

अकोल्याच्या अभिलेख कक्षात माझ्याच वयाची एक कारकून बाई होती. जुन्या खटल्यांच्या नोंदवह्या तिच्या ताब्यात. मी आत्याचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि आडनाव लिहून दिलं. तिने दोन वह्या चाळल्या आणि मान हलवली.

"ताई, हे माहेरचं नाव झालं. बाईचा दावा नवऱ्याच्या नावानं लागते. नावापुढे भ्र., म्हणजे भ्रतार, अन् मग नवरा. सासरचं आडनाव सांगा. पहिलं नावबी सांगा, लग्नात बदललं असंल तर."

आडनाव मला माहीत होतं. पहिलं नाव बदललं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रंथालयात मी रोज मुलांना सांगते की पुस्तक शोधायचं तर लेखकाचं नाव नीट सांगा. आणि जिच्या हातची भाकरी खाऊन मोठी झाले, तिचं एक नाव मला ठाऊक नव्हतं. पूर्वी आमच्याकडे नवी नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहायचे. आत्याचंही लिहिलं असणार. मी तिथूनच बाबांना फोन लावला.

"होतं काहीतरी," बाबा म्हणाले. "आपण कुठं त्या नावानं हाक मारली? तिलेच इचार."

रविवारी गावी गेले. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. बाबा बाजेवर बसले होते. मी सरळच विचारलं, "आत्या, तुझं तिकडचं नाव काय होतं?"

"कायचं नाव?"

"लग्नात ठेवलेलं. कोर्टात तेच लिहिलेलं असेल."

तिचा हात थांबला नाही. "राहू दे मंग थे घरकुल."

"अवं, नाव सांगाले काय जाते तुह्यं?" बाबा म्हणाले.

"तुह्यं काय गेलं होतं तवा? मांडवात बुंदी खाऊन राहिला होता, अजून वाढा म्हणे." मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "त्या नावानं हाक आली का मले समजे, आता मार हाय. तवापासून मी थे तोंडातून काढलं नाई. आता काहून काढू?"

बाबा उठून आत गेले. एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली. ज्याची केस आहे त्याने स्वतः अर्ज केला तर नक्कल सहज मिळते. दुसऱ्या कोणी केला तर कारण देऊन कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे नाव कळलं तरी अर्जावर सही तिचीच बरी. आत्याने शेंगांचं सूप उचललं आणि चुलीकडे गेली. मी अकोल्याला परतले. ती घरकुल सोडून देणार, अशी माझी खात्री झाली होती.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "उद्या येतो मी अकोल्याले. स्टँडवर ये."

अभिलेख कक्षाच्या खिडकीशी कारकून बाईने चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. आत्या चौथी शिकलेली. तिने चिठ्ठीवर हाताचा आडोसा धरून अक्षर अक्षर लिहिलं, चिठ्ठी पालथी केली आणि सरकवली. कारकून बाईने ती उचलून वाचली. मोठ्याने नाही वाचली. तिने मान वर करून आत्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मावशी, निकाल कधी लागला, काही आठवते?"

"हिच्या दादाच्या बारशाच्या आधी."

दादाचं जन्मसाल मी सांगितलं. त्या साली मिळालं नाही. आदल्या सालच्या वहीत मिळालं.

"सापडलं, मावशी."

फाईली निकालाच्या तारखेने गठ्ठ्यांत बांधलेल्या होत्या. तारीख मिळाली तसा गठ्ठाही मिळाला. आतले बरेच कागद नियमाप्रमाणे कधीच नष्ट झाले होते, पण निकालपत्र आणि हुकूमनामा जपून ठेवतात. ते होते. आत्याने अर्जावर सही केली. कारकून बाईने काही न मागता आम्हाला बसायला स्टूल दिलं, हे मला लिहून ठेवायचं आहे. तिला यातलं काहीच करायची गरज नव्हती.

काही दिवसांनी नक्कल हातात आली. इंग्रजीत टाईप केलेली चार पानं. मी ती गावी नेली आणि आत्यासमोर बसून मराठीत सांगत गेले. कुठे, कधी, कोणी काय सांगितलं. ती ऐकत होती. तिसऱ्या पानावर न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की अर्जदार बाईची साक्ष उलटतपासणीत डगमगली नाही आणि ती खरी मानायला हरकत नाही.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"खरी म्हणे? असंच लिवलं हाय?"

"असंच."

गावात तिच्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं, तेही तिच्यासमोर: नांदली नाही. त्याच्या मागे-पुढे काही नसायचं. मीही लहानपणी ते बायकांच्या तोंडून ऐकलं होतं.

"आबानं मले सांगतलं काहून नाई?" तिने बाबांना विचारलं. आबा म्हणजे माझे आजोबा.

"आबाले कुठं इंग्रजी येत होतं? वकील म्हणे, सुटली पोरगी. तेवढंच घेऊन आले घरी."

कागद घेऊन ग्रामपंचायतीत गेलो, तर नवी अडचण. ग्रामसेवक म्हणाले, कागद बरोबर आहे, पण यावरचं नाव वेगळं अन् आधारवरचं वेगळं. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र तहसीलमधून करून आणा. मला वाटलं, आता आत्या माघार घेणार. ते नाव लिहून चिठ्ठी पालथी करणं वेगळं, आणि मी तीच असं शपथेवर सांगणं वेगळं.

तिवशाला टाईप करणाऱ्या माणसाने ठरलेला मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, हे दोन्ही नावं तुमचेच नं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. आत्याने मला हाताने थांबवलं.

"हो. साक्ष मीच देल्ली होती. लिव्हा."

तिने प्रत्येक पानावर सही केली, ठळक आणि सावकाश. ग्रामसेवकांनी कागद घेतले आणि रजिस्टर उघडून विचारलं, "यादीत ऊर्फ लावू का?"

"ऊर्फ नको. बापानं ठेवलं थेच लिव्हा. थे दुसरं नाव कागदापुरतं."

त्यांनी तसंच लिहिलं. मंजुरी अजून यायची आहे, आणि ती येईपर्यंत पडवी पाडायची नाही असं दादाने लग्नाच्या घाईतही सांगून टाकलं आहे. मूळ नक्कल ग्रामपंचायतीत जमा झाली. आत्याकडे झेरॉक्स आहे. साक्ष खरी मानल्याची ओळ कोणती, हे तिने माझ्याकडून विचारून घेतलं आणि मी तिथे पेन्सिलने रेघ मारून दिली.