मौनाचं घड्याळ माझ्या हातात

सातपूरला आम्ही बाराजणी मिळून मसाले कुटायचो. इतकी वर्षं एका खोलीत मिरचीचा खकाणा खाल्ला, की मसाले विकून संपतात आणि किस्से घरी येतात!

आमच्या प्रमुख नलूताई. देशावर मोठं संकट आलं, की त्या तारखेला कॅलेंडरवर लाल गोल करायच्या. मग दरवर्षी त्या दिवशी अकरा वाजता दोन मिनिटं मौन. घड्याळ माझ्याकडे, कारण मी दहावी पास!

*

पहिल्याच मौनाला मिरची कुटणं चाललेलं. देवळ्याची मंदा शिंकली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्याच!

नलूताई डोळे मिटूनच ओरडल्या, "अगं, निदान एकेक करून तरी शिंका!"

*

एकदा बँकेचे साहेब नेमके मौनाच्या वेळी आले. सगळ्यांच्या डोळ्यांना धारा! साहेब गहिवरले. "इतक्या वर्षांनीही एवढं दुःख?"

मंदा नाक पुसत म्हणाली, "साहेब, आज लवंगी मिरची आहे."

*

हीच मंदा एकदा कॅलेंडरसमोर उभी राहिली. "किल्लारी झालं, भूज झालं, आता त्सुनामी. ताई, यंदा नवीन गोल नको हं."

नलूताईंनी पेनाचं टोपण लावलं.

*

आमच्यातली शालन किल्लारीकडची. भूकंपात तिच्या माहेरची अख्खी गल्ली गेली. ही नाशिकला दिलेली म्हणून वाचली. तीस सप्टेंबरला आम्ही मौन धरलं, की ही बाहेर नळावर जाऊन मुद्दाम भांडी आपटायची.

मंदा फणकारली, "माणसं हिची, आणि हिलाच दोन मिनिटं गप्प बसवेना!"

शालननं ऐकलं. "मी गेले तवा सगळी गल्ली गप्प होती, बाई. तसलं गप्प मला सोसत न्हाई."

त्या दिवशी मंदा जेवली नाही.

*

पुढच्या वर्षी नलूताई म्हणाल्या, "शालन, आज आम्ही गप्प बसतो. तू बोल."

शालन माहेरच्या मारुतीच्या पारापासून निघाली. एकेक घर, एकेक नाव. कुणाची म्हैस मारकी, कुणाची सून पहिलटकरीण. आम्ही जणू तिच्यामागून चाललेलो. "मग तुळसाकाकूचं दार. काकू म्हनायची, बस गं, चहा ठेवते..."

"झालं!" दोन मिनिटं भरताच मी सवयीनं म्हणाले, आणि जीभ चावली.

"बोल गं, बोल," नलूताई म्हणाल्या. पण शालननं पदरानं तोंड पुसलं आणि चाळण हातात घेतली. माझा तो शब्द मला वर्षभर टोचत राहिला.

पुन्हा तीस सप्टेंबर आला. अकराला मी घड्याळ काढून नलूताईंच्या टेबलावर ठेवलं. शालन उभी राहिली, जरा घुटमळून मला म्हणाली, "अक्का, कुठवर आलो होतो आपण?"

माझ्याआधी मंदाच बोलली.

"तुळसाकाकूच्या दारात. चहा ठेवलाय त्यांनी."