लोकरीचे मोजे

कॅनडातल्या विनिपेगहून फिलिपिन्समधलं इलोइलो बारा हजार किलोमीटरच्या वर. तीन विमानं, मधलं ताटकळणं धरून दीड दिवस. कामावर, वृद्धाश्रमात कुणी विचारलं की नेनिता हे घडाघडा सांगायची, जणू दर महिन्याला जाऊन येते. खरं तर अकरा वर्षांत घराला तिचे पाय लागले नव्हते. दुसऱ्यांच्या आयांना भरवण्यात, त्यांची कूस बदलण्यात तिचं वय सरत होतं.

मंगळवारी धाकट्या भावाचा, विल्फ्रेडोचा फोन आला. तिला तो मानांग म्हणायचा, म्हणजे ताई; आणि आईला दोघंही नानाय. "मानांग, नानाय जेवत नाही गं. पाय गार पडलेत. सारखं तुझंच नाव घेते. निघ तू."

"उद्याचं तिकीट मिळतंय. पण घरच्यांसाठी खोका भरायचाय रे."

"खड्ड्यात गेला तुझा खोका!"

"म्हणजे हात हलवत येऊ? अकरा वर्षांनी? तुझी बायकोच आधी विचारेल, मानांगनं काय आणलं म्हणून."

खोटं नव्हतंच ते.

आमच्यात परदेशातून येणाऱ्याच्या आधी त्याचा खोका दारात उतरतो. रिकाम्या हातानं आलेल्याचं तिकडे काही धड नसणार, असं सगळी गल्ली धरून चालते. मेली ती गल्ली! पण नेनिता तिथेच वाढली होती. तिनं गुरुवारचं तिकीट काढलं आणि बुधवारचा अख्खा दिवस दुकानांत घालवला. चॉकलेटं, डब्यातलं मटण, साबण, टॉवेल. आणि आईसाठी लोकरीचे जाड मोजे. इलोइलोच्या उकाड्यात लोकर! पण म्हातारीचे पाय गार पडले होते ना.

विमान समुद्रावर असताना आई गेली. मनिलाला उतरून फोन लावला तेव्हा नेनिताला कळलं. ती सामानाच्या पट्ट्याशेजारी खाली बसूनच रडली. खोका मात्र सुखरूप आला.

घरी शवपेटीजवळ दिवे लागले होते, अंगणात मयताच्या जागरणाला आलेली माणसं रीतीप्रमाणे पत्ते खेळत होती. कॉफीबरोबरची बिस्किटं संपली, तशी विल्फ्रेडोच्या बायकोनं खोका फोडून चॉकलेटं तबकात मांडली. मोजे तेवढे नेनितानं काढून घेतले.

"कॅनडाची आहेत, घ्या!" शेजारच्या कारिंग आजी सगळ्यांना वाटत सुटल्या. मग नेनिताजवळ टेकत म्हणाल्या, "विमानाला किती वेळ लागतो गं पोरी?"

"दीड दिवस, आजी."

"अगं बाई! एक दिवस आधी निघाली असतीस तर भेटली असतीस की."

तो एक दिवस नेनिताच्या हातातच होता, मोज्यांच्या जोडीत. ती उठली आणि शवपेटीचं पायांकडचं झाकण उघडायला लागली.

"अगं, काय करतेस? मेलेल्याच्या पायात काही घालत नाहीत. घरात पावलं वाजतात मग. विसरलीस?"

"लोकरीचे आहेत, आजी. नाही वाजायचे."

"तरी नकोच." कारिंग आजींनी मोजे हळूच सोडवून घेतले, नीट घडी घातली आणि पुन्हा तिच्याच हातात ठेवले. "तू घाल. तुमच्याकडे थंडी फार असते म्हणे."